अवतरणचिन्हे आणि विरामांचा ताबा

लातूर विभागीय मंडळाच्या अखत्यारीतील लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतून दरसाल जी मुले दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या परीक्षेला बसतात, त्यांच्यापैकी पुष्कळांना प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करण्याचे नियम तोंडपाठ असतात. ‘सेड टू’चे ‘टोल्ड’ केव्हा होते, ‘टुमारो’च्या जागी ‘द नेक्स्ट डे’ का येते आणि क्रियापदाचा काळ एक पायरी मागे कसा सरकतो, हे ती झोपेतून उठवून विचारले तरी सांगू शकतात. परंतु वाक्याच्या अखेरीस अवतरणचिन्ह मिटताना पूर्णविराम त्या चिन्हाच्या आत घालावा की बाहेर, एवढा साधा प्रश्न केला की वर्गात तत्काळ दोन तट पडतात, आणि मौज अशी की दोन्ही तटांना आपापल्या बाजूचे छापील पुस्तक पुराव्यादाखल हजर करता येते. हीच मुले पुढे वकील होऊन नोटिसा लिहितात, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रबंध सादर करतात किंवा पुण्या-हैदराबादेत संगणकाच्या व्यवसायात शिरतात, तेव्हाही हा प्रश्न त्यांच्याबरोबर अनिर्णीतच राहतो. कारण शाळेत त्याचे उत्तर नियम म्हणून सांगितले गेलेले असते आणि त्यामागचे कारण बहुधा सांगायचे राहून गेलेले असते.

ते कारण मुळात अवघड नाही. अवतरणचिन्हांची जोडी ही लेखकाने वाचकाला दिलेली एक लेखी हमी आहे: या दोन खुणांच्या दरम्यान जे काही आहे ते माझे नसून दुसऱ्याचे आहे, आणि ते मी पदरची भर न घालता, जसेच्या तसे येथे उतरवले आहे. आता शब्दांबरोबर विरामही आलेच. जेथे अवतरण संपते तेथे स्वल्पविराम, पूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह यांपैकी एखादे चिन्ह पडणार असेल, तर ते मूळ वक्त्याच्या वाक्याचे आहे की त्या वाक्याला आपल्या वाक्यात बसविणाऱ्या लेखकाचे आहे, हा वाद उपस्थित होतो. दोन शेतांच्या बांधालगत उभ्या असलेल्या झाडाचा तंटा जसा त्याचा बुंधा कोणत्या गट नंबरात आहे हे पाहून मिटवावा लागतो, तसाच हा तंटाही मिटवावयाचा असतो. विराम ज्याच्या वाक्याचा, त्याच्या हद्दीत तो राहावा. इंग्रजीतील बहुतेक सर्व नियम या एका तत्त्वातून निघतात, आणि जे निघत नाहीत त्यांचे मूळ भाषेच्या तर्कात नसून छापखान्याच्या रिवाजात आहे.

मराठी माणसाला हे तत्त्व चटकन हाताशी लागत नाही याला मात्र त्याची बुद्धी जबाबदार नाही, त्याची परंपरा जबाबदार आहे; कारण दुसऱ्याचे बोलणे कोठे संपले हे दाखविण्याचे काम आपल्याकडे शतकानुशतके चिन्हाने केले नाही, शब्दाने केले. सोळाव्या शतकात काशीमध्ये व्याकरणाचे अध्यापन करणारे विख्यात शेष घराणे मूळचे गोदाकाठच्या नांदेडचे. त्यातील शेष कृष्ण हे ‘सिद्धान्तकौमुदी’कार भट्टोजी दीक्षितांचे गुरू. या पंडितांनी ज्या शास्त्रग्रंथांवर हयात घालविली त्यांत पानोपानी वाद चाललेला असतो, प्रतिपक्षाची शंका येते, तिचे निरसन होते, निरसनावर पुन्हा शंका येते. आणि इतके सारे होऊनही अवतरणाचे एकही चिन्ह तेथे लागत नाही, कारण ‘ननु’ म्हटले की शंकाकार बोलू लागला, ‘इति चेत्’ म्हटले की त्याचे बोलणे संपले, आणि पाठोपाठ आलेला एकाक्षरी ‘न’ हा सिद्धान्त्याचा नकार, हे वाचणाऱ्याला संकेतानेच ठाऊक असते.

मोडी लिपीतील दफ्तरातही हीच तऱ्हा. मोडीत शब्दांमध्ये अंतर ठेवण्याचा परिपाठ नव्हता, मग विरामचिन्हांची गोष्ट दूरच. तरीही पेशवाईतील कारकून समोरच्याच्या पत्राचा मजकूर आपल्या उत्तरात बिनचूक उद्धृत करीत असे. ‘तुम्ही पत्र पाठविले ते पावले’ अशी पोच देऊन तो थेट समोरच्याचा मजकूर सुरू करी आणि तो मजकूर संपताच ‘म्हणून लिहिले’ एवढे शब्द टाकी. त्यापुढे ‘त्यास’ असा शब्द आला की तेथून उत्तर देणाराचे स्वतःचे म्हणणे सुरू होते हे पाहणाऱ्याने समजावे. या रचनेत ‘म्हणून लिहिले’ हे मिटणारे अवतरणचिन्ह आहे आणि ‘त्यास’ हा नव्या परिच्छेदाचा आरंभ आहे. नांदेडातच १७०८ साली ज्या ग्रंथाला गुरू गोविंदसिंहांनी गुरुपद दिले, त्या गुरू ग्रंथसाहिबाच्या जुन्या हस्तलिखितांतही अक्षरे सलग जोडून लिहिलेली असत. परंतु कोणती वाणी कोणाची याबद्दल तेथे संभ्रम होत नाही, कारण रचनेच्या माथ्यावर ‘महला’ या शब्दापुढे क्रमांक घालून ती कोणत्या गुरूची हे सांगितलेले असते आणि नरसीच्या नामदेवांसारख्या भक्तांच्या पदांवर त्यांचे नाव असते. शेख फरीदांच्या श्लोकांच्या मालिकेत मध्येच तिसऱ्या किंवा पाचव्या गुरूंचा श्लोक भाष्यासारखा येतो, तेव्हा मथळ्यातील तेवढी खूण वक्ता बदलल्याची वर्दी देते.

बोलीचीही साक्ष हीच आहे. मराठवाड्यातील माणूस ‘उद्या येतो म्हनला’ असे सांगतो, किंवा ज्या गोष्टीची जबाबदारी स्वतःकडे घ्यायची नाही तिच्या शेपटाला नुसते ‘म्हनं’ लावून मोकळा होतो. आपले अवतरण शेवटी येणाऱ्या शब्दाने बंद होते, आणि म्हणून कागदावरच्या त्या दोन उलट्या-सुलट्या खुणा आपल्याला मनातून शोभेच्या वाटतात. ज्या गोष्टीवाचून आजवर अडले नाही तिच्या नेमक्या जागेबद्दल माणूस दक्ष राहत नाही.

या परंपरेतून एक विशिष्ट चूक जन्माला येते आणि ती आपल्या भागातील इंग्रजी लेखनात इतकी सार्वत्रिक आहे की तिचा विचार प्रथम केला पाहिजे. मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ हे निर्दोष वाक्य आहे. ‘की’ आल्यानंतरही ‘मी’ हा मूळ वक्ताच असतो. म्हणजे अर्धे वाक्य सांगणाऱ्याचे आणि अर्धे बोलणाऱ्याचे, अशी मिश्र रचना मराठीला चालते. उर्दूलाही ती चालते. आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यापासून हैदराबाद संस्थानावरील पोलिस कारवाईपर्यंत ज्या मराठवाड्यातील मुलांचे उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, त्यांच्या अंगवळणी पडलेल्या या सवयीला दुसऱ्या भाषेचाही दुजोरा मिळाला. इंग्रजीला मात्र ही मिश्र मालकी मंजूर नाही. त्यामुळे विद्यार्थी जेव्हा

ही सेड दॅट “आय विल कम टुमारो.”

असे लिहितो, तेव्हा त्याने एकाच वाक्यावर दोन विसंगत दावे लावलेले असतात: ‘दॅट’ म्हणते की पुढचे शब्द सांगणाऱ्याचे आहेत, आणि अवतरणचिन्ह म्हणते की ते बोलणाऱ्याचे आहेत. यातला कोणता तरी एक दावा सोडलाच पाहिजे.

ही सेड, “आय विल कम टुमारो.”
ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.

पहिल्या वाक्यात ‘दॅट’ गेले आणि त्याच्या जागी स्वल्पविराम आला. दुसऱ्यात अवतरणचिन्हे गेली आणि सर्वनामापासून काळापर्यंत सारे सांगणाऱ्याच्या बाजूने फिरले. ‘दॅट’नंतर अवतरण मुळीच येऊ नये असे मात्र नाही. मूळ वाक्यातील दोन-चार शब्दच उचलून ते आपल्या वाक्याच्या व्याकरणात बेमालूम बसविले, तर त्यांच्याभोवती चिन्हे अवश्य घालावीत; त्या ठिकाणी हमी तेवढ्या दोन-चार शब्दांपुरतीच असते.

ही चिन्हे मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि ती रुजविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांच्याकडे जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातील हे सहकारी पुढे सरकारी मराठी भाषांतराच्या खात्यात मोठा अधिकार गाजवीत होते, आणि त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली प्रसिद्ध झाली. मराठीने ही चिन्हे स्वीकारली, परंतु आपल्या सोयीने. बोलणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांना दुहेरी चिन्ह आणि एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा असेल तेव्हा एकेरी चिन्ह, अशी वाटणी आपल्या शालेय व्याकरणांनी करून टाकली. आत की बाहेर हा मुद्दा मात्र जुळारी आणि मुद्रितशोधक यांच्या मर्जीवर सुटला, आणि तो तसाच आजतागायत सुटलेला आहे.

खुद्द इंग्रजीतही हा मुद्दा फार जुना नाही. युरोपात या चिन्हाचे पूर्वज शोधावयाचे तर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियापर्यंत जावे लागते. तेथील ग्रंथपाल ॲरिस्टार्कस होमरच्या काव्यातील लक्षणीय ओळींच्या समासात बाणाच्या टोकासारखी एक खूण करीत असे, आणि पुढे ख्रिस्ती लेखनिक धर्मग्रंथातून घेतलेली वचने दाखविण्यासाठी तशीच खूण समासात घालू लागले. समासातून ओळीत उतरावयाला या खुणेला कित्येक शतके लागली. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलात माणसे सारखी बोलत असतात, पण अवतरणचिन्ह एकही नाही; बोलणे कोठे सुरू झाले हे मोठ्या अक्षरावरून आणि ‘सेड’सारख्या क्रियापदावरून ओळखावयाचे. अठराव्या शतकात इंग्रजी कादंबरी वाढीला लागली, पात्रांच्या संवादांनी पाने भरू लागली, तेव्हा कोठे बोलण्याच्या आरंभी एक आणि शेवटी एक अशी आजची जोडी स्थिर झाली.

जोडी स्थिर झाल्यावर तिच्या शेजाऱ्यांचा प्रश्न आला, आणि त्यावर इंग्रजीच्या दोन घराण्यांनी दोन निकाल दिले. अमेरिकेतील छापखान्यांनी ठरविले की पूर्णविराम आणि स्वल्पविराम हे नेहमी, अर्थ काहीही असो, मिटणाऱ्या चिन्हाच्या आतच बसावेत. बाहेर सुटलेला एकटा ठिपका डोळ्याला खुपतो. शिशाच्या खिळ्यांच्या काळात तो नाजूक ठिपका ओळीच्या टोकाला मोडत असे म्हणून त्याला आत घेतले, अशीही एक हकीकत छापखान्यांतून सांगितली जाते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाचे होरेस हार्ट यांनी आपल्या जुळाऱ्यांसाठी १८९३ साली जे नियम तयार केले आणि जे १९०४ साली सर्वांना विकत मिळू लागले, त्यांनी अर्थाच्या बाजूने कौल दिला. आणि १९०६ साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथात त्या बाजूची जोरदार तरफदारी केली. योगायोग असा की त्याच १९०६ साली शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची शैलीपुस्तिका प्रथम प्रसिद्ध झाली, आणि अमेरिकन रिवाजाला तिच्या रूपाने कायमचा आधारग्रंथ लाभला. तेव्हापासून वर्गातील दोन तटांना दोन पुस्तके मिळत आली आहेत.

आता प्रत्यक्ष नियम पाहू, आणि जेथे दोन्ही घराण्यांचे एकमत आहे तेथून आरंभ करू. कारण एकमताचा प्रदेश लोक समजतात त्याहून बराच मोठा आहे.

टीचर सेड, “द ट्रेन लीव्ज नांदेड ॲट नाइन.”

येथे मूळ वक्त्याचे संपूर्ण वाक्य आले आहे आणि त्याचा पूर्णविरामही त्याच्याबरोबर आला आहे. म्हणून तो आत. बाहेरच्या वाक्यालाही शेवट हवा, म्हणून चिन्हानंतर आणखी एक ठिपका देण्याचा मोह होईल, तो आवरावा. एकाच जागी दोन पूर्णविराम इंग्रजी सहन करीत नाही. ‘सेड’नंतरचा स्वल्पविराम मात्र सांगणाऱ्याचा आहे, म्हणून तो उघडणाऱ्या चिन्हाच्या बाहेर. शिवाय अवतरण जर पूर्ण वाक्य असेल तर त्याचे पहिले अक्षर मोठे लागते, आणि तुकडाच असेल तर लहान. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्यामुळे आपल्या हातून हे हमखास राहून जाते. वाक्याची दोन अंगे उलटवली तर काय होते पाहा:

“द ट्रेन लीव्ज नांदेड ॲट नाइन,” सेड द टीचर.

मूळचा पूर्णविराम येथे उरलेला नाही, कारण बाहेरचे वाक्य अजून चालू आहे. त्याच्या जागी स्वल्पविराम बसला, परंतु तो पूर्णविरामाचा बदली असल्यामुळे त्याच्याच जागेवर, म्हणजे आत, बसला. प्रश्नचिन्हाला आणि उद्गारचिन्हाला मात्र असा बदली चालत नाही. “हॅज द ट्रेन लेफ्ट?” ही आस्क्ड. असे लिहिताना प्रश्नचिन्ह आपल्या जागी कायम राहते आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम येत नाही.

प्रश्नचिन्हाच्या बाबतीत दोन्ही घराणी निखळ अर्थानुसारी आहेत, म्हणून तत्त्व शिकविण्यासाठी यासारखे उदाहरण नाही.

ही आस्क्ड, “हॅज द ट्रेन लेफ्ट?”
डिड ही से, “द ट्रेन हॅज लेफ्ट”?
डिड ही आस्क, “हॅज द ट्रेन लेफ्ट?”

पहिल्या वाक्यात प्रश्न वक्त्याचा आहे, म्हणून चिन्ह आत. दुसऱ्यात वक्त्याने साधे विधान केले होते आणि ते केले की नाही याची विचारणा लेखक करीत आहे, म्हणून चिन्ह बाहेर. आणि ते आत ढकलले तर वक्त्याच्या ठाम विधानाला आपण शंकेचे रूप देऊन बसू. तिसऱ्यात दोघेही प्रश्न करीत आहेत, परंतु एकच चिन्ह लिहावयाचे आणि ते आत. अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्याबद्दलही तंटा नाही. ही दोन चिन्हे बाहेरच्या वाक्याची जोडणी करण्यासाठी येतात, म्हणून अवतरण संपताना ती दोन्ही देशांत बाहेरच राहतात.

मतभेद उरतो तो पूर्णविराम आणि स्वल्पविराम या दोघांपुरता, आणि तोही मुख्यतः जेथे अवतरण हे वाक्य नसून वाक्याचा तुकडा किंवा एखादी संज्ञा असते तेथे. अकरावी-बारावीच्या शास्त्रशाखेच्या कसून केलेल्या तयारीमुळे लातूरचे नाव ज्या शब्दप्रयोगाशी जोडले गेले तोच घेऊ.

पीपल कॉल इट द “लातूर पॅटर्न”.
पीपल कॉल इट द “लातूर पॅटर्न.”

पहिले वाक्य ब्रिटिश, दुसरे अमेरिकन. लोकांनी उच्चारलेले शब्द दोनच. पूर्णविराम लोकांनी दिलेला नाही, लेखकाने दिला आहे. म्हणून ब्रिटिश पद्धतीने तो बाहेर ठेवला आणि अमेरिकन पद्धतीने, मालकीची चौकशी न करता, डोळ्याच्या सोयीसाठी आत घेतला. स्वल्पविरामाचेही तसेच. बोलणे मध्येच तोडून ‘ही सेड’ घातले की या फरकाची बारीक कसोटी लागते.

“द ट्रेन”, ही सेड, “विल लीव्ह नांदेड ॲट नाइन.”
“यस,” ही सेड, “द ट्रेन इज लेट.”

वक्त्याने ‘ट्रेन’ या शब्दानंतर श्वासही घेतला नव्हता, तेव्हा तेथला स्वल्पविराम केवळ लेखकाच्या व्यत्ययाचा आहे. काटेकोर ब्रिटिश पद्धत त्याला बाहेर बसविते. ‘यस’नंतर मात्र वक्ता स्वतःच थांबला असता, म्हणून तेथला स्वल्पविराम त्याचाच, आणि आत. अमेरिकन लेखक दोन्ही ठिकाणी डोळे मिटून आत घालील. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की इंग्लंडमधील कादंबऱ्यांचे प्रकाशकही संवादांत पुष्कळदा दोन्ही ठिकाणी स्वल्पविराम आतच घेतात; तेव्हा इंग्लंडात छापलेल्या गोष्टीच्या पुस्तकात तसे आढळले म्हणून गोंधळून जाण्याचे कारण नाही.

चिन्हांची जात, म्हणजे एकेरी की दुहेरी, हा याहून वेगळा प्रश्न आहे आणि लोक त्याची आत-बाहेरच्या प्रश्नाशी विनाकारण सांगड घालतात. ऑक्सफर्डच्या रिवाजात बाहेरचे अवतरण एकेरी आणि त्याच्या पोटातले दुहेरी. अमेरिकेत नेमके उलट. आपल्याकडे शाळेत बाहेरचे दुहेरी हीच रीत रुळली आहे, आणि तिच्यात वावगे काही नाही, पोटातले मग एकेरी ठेवले म्हणजे झाले. परंतु मराठीत शब्दावर भर देण्यासाठी एकेरी चिन्ह वापरण्याची जी मुभा आहे ती इंग्रजीत नेऊ नये. एखाद्या दुकानाच्या इंग्रजी पाटीवर ‘फ्रेश’ हा शब्द अवतरणात घातलेला असला, तर इंग्रजी वाचकाला तो भर वाटत नाही. हा शब्द दुकानदाराचा आहे, आमची त्याला हमी नाही, असाच ध्वनी त्यातून निघतो, आणि मालाच्या ताजेपणाबद्दल संशय उत्पन्न होतो.

हे सर्व केवळ परीक्षेच्या गुणांपुरते असते तर त्यावर इतकी शाई खर्च करणे अनाठायी ठरले असते. परंतु जेथे शब्दाला दस्तऐवजाची किंमत असते तेथे या ठिपक्यांना वजन येते. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने भारतीय संविधानाच्या सरनाम्यातील “सॉव्हरिन डेमोक्रॅटिक रिपब्लिक” या शब्दांच्या जागी “सॉव्हरिन सोशलिस्ट सेक्युलर डेमोक्रॅटिक रिपब्लिक” हे शब्द घातले. दुरुस्तीचे कायदे याच साच्याने लिहिले जातात: अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत, आणि दोन्ही शब्दसमूह अवतरणचिन्हांत. अशा कलमात मिटणाऱ्या चिन्हाच्या आत एखादा स्वल्पविराम शिरला तर तो दुरुस्तीच्या कायद्याचा न राहता मूळ कायद्यात घालावयाच्या मजकुराचा भाग होऊन बसेल. म्हणून येथे अर्थानुसारी पद्धतीवाचून गत्यंतर नाही.

न्यायालयातील जबाबाची गोष्ट आणखी नाजूक आहे. लातूर किंवा नांदेडच्या न्यायालयात साक्षीदार मराठीत बोलतो; १९८१ पासून औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) असलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे तेच प्रकरण अपिलात गेले की त्याच्या साक्षीचे इंग्रजी व्हावे लागते. साक्षीदाराने सांगितलेले असते, ‘त्यानं मला बघून घेतो म्हनलं.’ आता ‘बघून घेतो’ ही धमकी आहे की साधे आश्वासन, यावर कदाचित खटल्याचा निकाल अवलंबून असेल. त्याचे इंग्रजी करून ते अवतरणचिन्हांत घातले तर भाषांतरकाराने आपले शब्द आरोपीच्या तोंडी घातल्यासारखे होते, कारण आरोपीने इंग्रजीतला एकही शब्द उच्चारला नव्हता. म्हणून जाणता भाषांतरकार मूळ मराठी शब्द रोमन अक्षरांत जसेच्या तसे अवतरणात ठेवतो आणि त्यांचा अर्थ पुढे, अवतरणाबाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर देतो. निकालपत्रांतही हा परिपाठ दिसतो. साक्षीदार ‘घेतो’ या शब्दावर थांबला की त्याचे वाक्य पुढे चालू होते, हे ठाऊक नसल्यास पूर्णविराम बाहेर ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे.

संगणकाने या जुन्या तंट्यात ब्रिटिश पक्षाला एक अनपेक्षित साहाय्य केले. आज्ञावली लिहिताना अवतरणचिन्हांच्या दरम्यानचे प्रत्येक अक्षर यंत्र शब्दशः घेते. ‘“लातूर१२३.” असा परवलीचा शब्द टाइप करा’ अशी सूचना दिली, तर वाचणाऱ्याने तो शेवटचा ठिपका टाइप करावा की करू नये? केला आणि तो शब्दाचा भाग नसला, तर दार उघडणार नाही. म्हणून अमेरिकेत राहणारे संगणकतज्ज्ञही आपल्या लेखनात ठिपका बाहेर ठेवू लागले. उलट, अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पद्धतीने वाङ्मयावरील प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला स्वल्पविराम आत घ्यावा लागतो. पण अवतरणानंतर कंसात पृष्ठांक आला की पूर्णविराम अवतरणातून निघून त्या कंसाच्याही पलीकडे जातो, कारण पृष्ठांक हा लेखकाच्या वाक्याचा भाग आहे आणि वाक्य तेथे संपते. म्हणजे अमेरिकन रिवाजालाही प्रसंगी मालकीची चौकशी करावी लागतेच.

तेव्हा कोणते घराणे पत्करावे? परीक्षेत पूर्ण वाक्याचे अवतरण देऊन पूर्णविराम आत ठेवणाऱ्यावर कोणताही परीक्षक आक्षेप घेऊ शकत नाही, आणि परीक्षेत विचारले जाते ते बहुधा एवढेच. कायदा, प्रशासन आणि संगणक यांच्या लेखनात अर्थानुसारी पद्धत धरावी. अमेरिकन नियतकालिकाला लेख पाठवावयाचा असेल तर त्याचा रिवाज तक्रार न करता पाळावा. आणि एकदा जी पद्धत धरली ती त्या लेखनाच्या शेवटच्या पानापर्यंत सोडू नये, कारण दोन्ही पद्धती शुद्ध आहेत, पण त्यांचे मिश्रण शुद्ध नाही.

याहून महत्त्वाचा निर्णय मात्र ठिपक्याच्या आधी घ्यावा लागतो. समोरच्याचे नेमके शब्द आपल्यापाशी आहेत की नुसता आशय आहे, हे लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावे; नेमके शब्द असतील तर चिन्हे घालावीत आणि विरामांची वाटणी वर सांगितल्याप्रमाणे करावी, आणि नुसता आशय असेल तर चिन्हे काढून सरळ अप्रत्यक्ष कथन करावे. सभेतील भाषण टिपून न घेता घरी येऊन आठवणीने लिहिलेल्या बातमीत वक्त्याची लांबलचक वाक्ये अवतरणचिन्हांत झळकतात, तेव्हा तेथे पूर्णविराम आत आहे की बाहेर याची चिकित्सा व्यर्थ आहे. हमीच खोटी आहे. मराठवाड्यातील अशिक्षित म्हातारीसुद्धा ऐकीव गोष्टीला ‘म्हनं’ लावल्याशिवाय पुढे जात नाही, तेवढी सावधगिरी इंग्रजी लिहिणाऱ्या तिच्या नातवाने अवतरणचिन्ह उघडण्यापूर्वी बाळगली, तर विरामांची जागा चुकली तरी त्याचा मजकूर विश्वासार्ह राहील.